रोपं मोजायची की राखण? माणमधल्या एका गायरानाचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका गावचं आहे. गावाचं, कंपनीचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन किरकोळ तपशील बदलले आहेत. आमची संस्था गाव आणि कंपनी यांच्या मधली. बैठका लावणं, हिशेब मांडणं आणि भांडण झालं की दोन्हीकडच्या शिव्या ऐकणं हे आमचं काम. वृक्षलागवडीचा प्रस्ताव हातात घेऊन बसलेल्या ग्रामपंचायतींना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिलं आहे.

## पार्श्वभूमी

पावसाच्या हिशेबाने सातारा हा एक जिल्हा नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माणमध्ये पाचशे झाला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. पश्चिमेला कोयना-चांदोलीचं दाट जंगल आहे, 2010 मध्ये ज्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पूर्वेला माळ. कुसळी आणि पवन्याचं गवत, मधूनमधून हिवर, बोर, लिंब, तरवड. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. माणचा भरवशाचा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. जूनमध्ये वारं सुटतं आणि ढग डोक्यावरून पुढे निघून जातात. झाडं लावायचे मुहूर्त मात्र सगळे जून-जुलैचेच असतात.

गावाचं गायरान सुमारे चाळीस एकर, बहुतेक मुरमाड उताराचं, खाली नाल्याकाठी थोडी सपाट पट्टी. त्यावर तीन प्रकारच्या लोकांचा राबता. धनगर वस्तीची मेंढरं, गावातल्या घरांची गाई-म्हशी-शेळ्या, आणि सरपणाला जाणाऱ्या बाया. वस्तीवरचे लोक दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, घेऊन पश्चिमेकडे आणि कोकणात उतरतात, मृगाच्या आसपास परततात. म्हणजे माळावर मेंढरांचा सगळा भार पावसाळ्याच्या चार महिन्यांत, नेमका गवत वाढायच्या काळात.

2016 मध्ये राज्यात 2 कोटी झाडं लावायची मोहीम झाली, आणि पुढच्या तीन वर्षांत, 2019 पर्यंत, 50 कोटींची. 2017 ला 4 कोटी, मग 13 आणि शेवटी 33. 2019 च्या वाट्यातली काही रोपं या गायरानावर लागली. त्याच उन्हाळ्यात तालुक्यात चारा छावण्या उभ्या होत्या, माणसं जनावरांसोबत छावणीतच राहत होती. खड्डे नीट काढलेले होते, पोरांनी उत्साहाने रोपं लावली होती, लावणाऱ्यांनी कसर केली असं कुणी म्हणत नाही. पण दोन वर्षांनी गिरिपुष्पाच्या काही ओळी सोडल्या तर काही उरलं नाही. गिरिपुष्पाला गावात उंदीरमारी म्हणतात, शेळीही त्याला सहसा तोंड लावत नाही, म्हणून ते राहिलं. खड्डेही राहिले, पुढे पावसाळ्यात त्यांत पाणी साठून त्यातलं गवत आजूबाजूपेक्षा हिरवं दिसायचं.

## प्रश्न काय होता

2022 च्या जानेवारीत एका कंपनीकडून सामाजिक दायित्व निधीतून प्रस्ताव आला. तीन मीटर बाय तीन मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी 1,111 रोपं. चाळीस एकरांना सुमारे 18,000. भोवती तारेचं कुंपण, एका कोपऱ्यात एक एकराचं घनवन, म्हणजे अगदी दाट लागवड, आणि 5 जूनला उद्घाटन. निधी पहिल्या वर्षी लागवडीला आणि दुसऱ्या वर्षी मेलेली रोपं बदलायला. त्यानंतर गावाने सांभाळायचं.

सरपंच ताईंचं म्हणणं सरळ होतं. पैसा दारात आलाय, नको म्हटलं तर शेजारचं गाव घेईल. वस्तीवरचे आबा बैठकीला आले आणि दाराशीच बसले. म्हणाले, "झाडं लावा की, आमी कुटं न्हाई म्हणतुय. पर मेंढरं त्या चार म्हैन्यांत हितंच आसत्यात, आन् तवाच तुमी कुंपान घालणार. मग आमी जायचं कुटं?"

या प्रश्नाला प्रस्तावात उत्तर नव्हतं. एवढंच असतं तरी तंटा मिटवता आला असता. दुसरा प्रश्न गुरुजींनी फळ्यावर काढला. एका रोपाला एका वेळी दहा लिटर पाणी धरलं तर 18,000 रोपांना एका फेरीला 1 लाख 80 हजार लिटर लागतं. दहा हजार लिटरचे अठरा टँकर, आणि ही एक फेरी. जून ते ऑगस्टची ओढ पाहता अशा किती फेऱ्या, हे त्यांनी लिहिलं नाही. ज्या गावाला एप्रिलमध्ये प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते, तिथे ते लिहायची गरजही नव्हती.

## पडद्यावरचे देश

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी शाळेत सादरीकरण केलं. तयारी चांगली होती. चीन, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, कोस्टा रिका, इथिओपिया. प्रत्येकाचा आधीचा आणि नंतरचा नकाशा, हिरवा रंग पसरत गेलेला. या देशांनी झाडं लावली, जंगल वाढलं, आपणही लावू, असा एकूण सूर. पण त्या हिरव्या रंगाचे पैसे कुणी आणि कशासाठी मोजले ते पडद्यावर नव्हतं. पुढचा सगळा निर्णय त्याच मुद्द्यावर फिरला, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दक्षिण कोरियाचे डोंगर युद्धानंतर बोडके झाले होते. 1973 मध्ये दहा वर्षांची वनयोजना आली, गावोगावी वन सहकारी संस्था उभ्या राहिल्या, आणि योजनेचं लक्ष्य मुदतीआधीच गाठलं गेलं. आज त्या देशाचा साठ टक्क्यांहून जास्त भूभाग जंगलाखाली आहे. पण त्याच काळात तिथल्या घरांत चुलीतलं लाकूड जाऊन कोळशाच्या वड्या आल्या. सरपणाची कुऱ्हाड थांबली नसती तर नुसत्या रोपांनी डोंगर झाकले असते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

चीनमध्ये 1998 च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलांतल्या तोडीवर बंधनं आली. 1999 पासून उतारावरची शेती सोडून देणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम मिळू लागली, तीही वर्षानुवर्षं. म्हणजे सरकारने रोपांचे पैसे दिलेच, पण त्याहून मोठी रक्कम शेत न कसण्याची दिली. आणि तिथेही एक गाठ आहे. पीतमातीच्या कोरड्या पठारावर हिरवाई इतकी वाढली की ती आता तिथल्या पाण्याच्या मर्यादेला भिडत चालली आहे, असं 2016 मधल्या एका अभ्यासात निघालं. माणला चीनकडून शिकायचं असेल तर आधी हे शिकावं.

कोस्टा रिकाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. एके काळी तिथलं जंगल देशाच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं होतं. आज ते निम्म्याच्या वर आहे. 1996 च्या वनकायद्यानंतर 1997 पासून जंगल उभं ठेवणाऱ्या जमीनमालकांना मोबदला मिळतो आणि त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. त्याआधी गोमांसाचे भाव पडल्यामुळे बरीच कुरणं सोडून दिली गेली होती, हाही त्यातला एक धागा. म्हणजे जंगल पुष्कळसं आपसूक आलं. पैसा ते टिकवायला लागला.

याच्या दुसऱ्या टोकाला एका दिवसाचे विक्रम. इथिओपियाने 29 जुलै 2019 ला बारा तासांत 35 कोटी रोपं लावल्याचं जाहीर केलं. तुर्कस्तानने त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला 1 कोटी 10 लाख लावली. काही महिन्यांनी तिथल्या शेती-वन कामगारांच्या संघटनेने पाहणी केली आणि पाहिलेल्यांपैकी 90 टक्क्यांपर्यंत रोपं मेल्याचं सांगितलं; सरकारने ते नाकारलं. खरं कोण ते बाजूला ठेवू. पण लावलेल्या रोपांच्या आकड्यावर वाद झाला नाही. जगलेल्यांच्या आकड्यावर झाला, कारण तो मोजायची तितकी घाई कुणालाच नव्हती.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आम्ही मांडलं. हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यात अनेक दशकांच्या लागवडींचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी वर्षं झाडं लावूनही दाट झाडोरा वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

पडद्यावर नसलेला देश म्हणजे नायजर. माणपेक्षाही कोरडा. तिथे 1983 च्या सुमारास टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञाच्या लक्षात आलं की शेतातली झुडपं वाटतात ती तोडलेल्या झाडांची जिवंत खोडं आहेत. त्यांतले दोनचार जोमदार फुटवे राखले आणि बाकीचे छाटले तर झाड परत उभं राहतं. पण शेतकरी ते राखत नव्हते, कारण वसाहतकाळापासून कायद्याने झाड सरकारचं होतं. झाड शेतकऱ्याचं, असं धरलं जाऊ लागलं तसं काम पसरलं; सुमारे 50 लाख हेक्टरांवर 20 कोटी झाडं उभी राहिली, असा अंदाज आहे. रोपवाटिका नाही, खड्डा नाही.

एकूण जगाचा हिशेबही बैठकीत निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे पृथ्वीवर 414 कोटी हेक्टर जंगल आहे, जमिनीच्या जवळपास एकतृतीयांश. 2015 ते 2025 या काळात दर वर्षी सुमारे 1 कोटी 9 लाख हेक्टर तुटलं, पण दुसरीकडे वाढ झाल्यामुळे निव्वळ घट 41 लाख हेक्टरांच्या आसपास राहिली. (बैठकीत अर्थात 2020 चे आकडे होते, इथे ताजे दिले आहेत.) ही निव्वळ बेरीज फसवी असते. एकीकडे शेकडो वर्षांचं जंगल जातं, दुसरीकडे निलगिरीच्या ओळी येतात, आणि कागदावर दोन्ही एकमेकांना भागतात.

शेवटी व्याख्या. या संघटनेच्या लेखी जंगल म्हणजे अर्धा हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरपर्यंत जाणारी झाडं, दहा टक्क्यांहून जास्त छत्र. आपल्या भारतीय वन सर्वेक्षणात किमान एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र, मालकी कुणाचीही असो, फळबागासुद्धा चालतात. त्या मापाने 2023 च्या अहवालात देशाचं वनआच्छादन 21.76 टक्के आहे. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे कलमी आंब्याची बाग जंगलात धरायची, आणि लांडगा हिंडतो तो माळ पडीक?" अधिकारी हसले. उत्तर मात्र तेच होतं.

## पर्याय

पहिला पर्याय, प्रस्ताव जसा आहे तसा घ्यायचा. याच्या बाजूने बोलणारे कमी नव्हते आणि त्यांचं म्हणणं वेडगळही नव्हतं. दोन वर्षं गावात मजुरी येईल, कुंपण होईल, गायरानावर कडेने सरकत आलेली अतिक्रमणं थांबतील. रोपं मेली तरी कुंपण राहील, असा हा रोकडा हिशेब.

दुसरा, चाळीस एकरांचा नाद सोडून फक्त घनवन करायचं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लागतात. एका एकराला बारा हजार तरी झाली. पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि भांगलण. पडीक माळावर एवढं पाणी ओतून दाट झाडी उभी करता येते, यात शंका नाही. ती माणची झाडी मात्र होत नाही. शहरातल्या शाळेच्या मागे हे शोभतं. या जागी ते फक्त फोटोपुरतं होतं, असं माझं मत.

तिसरा पर्याय नको म्हणायचा. वस्तीवरच्या बहुतेकांचा कल तिकडे होता.

चौथा आम्ही मांडला. लागवड नाममात्र, पैसा राखणीला. गायरानाचे तीन भाग करायचे. दोन बंद, एक चराईला खुला. बंद भागांत जिवंत खोडं शोधून फुटवे राखायचे, पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले समतल चर दुरुस्त करायचे, आणि एक माणूस बारमाही राखणदार म्हणून ठेवायचा. धोका उघड होता. तीन वर्षांनी दाखवायला काय असेल, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

पारडं फिरलं ते एका दुपारच्या फेरीत. आबा, गुरुजी आणि कंपनीचे अधिकारी गायरानावर हिंडले. गुडघ्याएवढ्या, वरून सपाट झालेल्या एका बोरीच्या झुडपापाशी आबा थांबले. शेंडे कातरलेले, काटे आत वळलेले, वर्षानुवर्षं शेळ्यांनी खाऊन खाऊन गादीसारखं झालेलं. त्यांनी खुरप्याने बुडाची माती उकरली. खाली मांडीएवढं जाड खोड होतं. साल खरवडली तर आत ओली हिरवी. "हे माज्या बापाच्या वक्ताचं झाड हाय," ते म्हणाले. "मेलं न्हाई. ह्येला वर येऊ दिलं न्हाई." नंतर शाळेच्या पोरांनी चुन्याचे ठिपके लावत अशी खोडं मोजली: हिवर, बोर, लिंब, कुठे मेडशिंग. 2019 मध्ये जेवढी रोपं लागली होती, त्याहून ही खोडं जास्त भरली.

## निर्णय

1 मे 2022 च्या ग्रामसभेत चौथा पर्याय मंजूर झाला, पण तीन दुरुस्त्यांनी. कुंपण तारेचं नको, काट्याचं आणि दगडी पौळीचं. तार चोरीला जाते आणि हरणं अडकतात. कोणता भाग खुला ठेवायचा ते वस्तीने सांगायचं. राखणदारही वस्तीतलाच. हा शेवटचा मुद्दा गावातल्या काहींना रुचला नाही. "चोराच्या हातात किल्ली" असं एकजण उघड म्हणाला आणि त्यावरून सभा अर्धा तास थांबली. सरपंच ताईंनी आवाज न चढवता विचारलं की पावसाळ्याच्या रात्री माळावर आणखी कोण जाणार आहे. कुणी हात वर केला नाही.

कंपनीची अडचण वेगळी होती. त्यांच्या नमुन्यात "रोपांची संख्या" हा रकाना होता आणि "एकर-वर्षं राखण" असा रकाना नव्हता. अधिकाऱ्यांनी वरपर्यंत भांडून दोन गोष्टी मिळवल्या. एक, निधी दोन वर्षांऐवजी लांबवला. सामाजिक दायित्वाच्या खर्चाबद्दलच्या, कंपनी कायद्याच्या कलम 135 खालच्या नियमांत 2021 पासून बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष आणि पुढची तीन. म्हणजे मार्च 2026 पर्यंत. दोन, एकूण रक्कम तीच ठेवून तिचा मोठा हिस्सा राखणदाराच्या पगाराला आणि चरांना गेला. बदल्यात त्यांना नाल्याकाठी काहीशे झाडांची लागवड आणि उद्घाटन हवं होतं. ते दिलं. वड, पिंपळ, करंज, चिंच, पण 5 जूनला नाही. ऑगस्टअखेरीस, पहिली चांगली ओल झाल्यावर. मंत्र्यांची तारीख त्यामुळे हुकली आणि एका स्थानिक पुढाऱ्याचा रुसवा वर्षभर पुरला.

राखणदार म्हणून वस्तीवरचा एक पन्नाशी उलटलेला माणूस निवडला. गुडघ्यांमुळे त्याला वाड्याबरोबर कोकणात उतरणं जमत नव्हतं, त्यामुळे बारमाही गावात राहणारा वस्तीवर तोच एक होता.

## पुढे काय झालं

2022 चा पाऊस बरा झाला. बंद भागांत गवत कमरेपर्यंत आलं, आणि पहिला तंटा त्यावरच झाला. ग्रामपंचायतीने दिवाळीनंतर गवताचा लिलाव केला. कायद्याने चूक काही नव्हतं. पण गवत कापून न्यायला ज्यांच्याकडे दावणीला जनावरं आणि वाहन, त्यांनीच बोली लावली. मेंढरं उभ्या गवतात चरतात, धनगराला पेंढ्यांचा उपयोग कमी. म्हणजे चराई सोडली वस्तीने आणि गवत मिळालं गावाला. महिन्याभरात एका रात्री काट्याचं कुंपण दोन ठिकाणी बाजूला सारलेलं आढळलं. राखणदाराने कुणाचं नाव घेतलं नाही. कंपनीकडून तक्रार नोंदवायची सूचना आली.

हा सगळ्यात नाजूक क्षण होता. तक्रार नोंदवली असती तर कुंपणाच्या दोन बाजू कायमच्या पक्क्या झाल्या असत्या. सरपंच ताईंनी ती नोंदवली नाही आणि पुढच्या वर्षासाठी लिलावच रद्द केला. नवी रीत अशी ठरली. गवताचं बी गळेपर्यंत कुणीही आत जायचं नाही. त्यानंतर घरटी ठरावीक भारे, नाममात्र पैसे घेऊन. आणि वाडे निघण्याआधी दहा दिवस मेंढरं बंद भागात सोडायची मुभा, शेळ्या वगळून. मेंढरू गवत खातं, शेळी फुटवा खाते. वस्तीवरही हा फरक कुणाला समजावून सांगावा लागला नाही. जमा होणारे पैसे राखणीच्या खात्यात.

मार्च 2023 मध्ये वणवा आला. वाढलेलं गवत म्हणजे जळण, हे माहीत असूनही जाळपट्टे, म्हणजे आग अडवायला गवत काढलेले पट्टे, फक्त रस्त्याच्या बाजूने काढले होते, आग मात्र शेजारच्या शिवारातून बांध जाळताना आली. एका बंद भागाचा निम्मा उतार काळा झाला. बोर आणि हिवर पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटले. नाल्याकाठच्या लागवडीतला बराच भाग गेला. अधिकाऱ्यांना आम्ही फोटो पाठवले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं की हे अहवालात कसं लिहायचं. जसं झालं तसं लिहा, असं सांगितलं. त्यांनी तसं लिहिलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग 2023 चा पावसाळा. देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो होता, आणि माणला परतीच्या पावसानेही हात दिला नाही. डिसेंबरात ग्रामसभेत मागणी आली की सगळं गायरान खुलं करा. 2022 च्या मूळ ठरावात दुष्काळाबद्दल एकही ओळ नव्हती. दोन सभा भांडणात गेल्या आणि शेवटी सगळे भाग खुले झाले, शेळ्यांसकट. उन्हाळा संपला तेव्हा चित्र असं होतं. जे फुटवे शेळीच्या तोंडाच्या वर गेले होते ते वाचले, जे गेले नव्हते ते परत गादीला आले. पहिल्या दिवसापासून बंद असलेल्या, न जळलेल्या भागात वाचलेले जास्त. याचा अर्थ दोन पावसाळ्यांची सलग राखण हा किमान उंबरठा होता. त्याच्या अलीकडचं काम दुष्काळाने बहुतेक पुसलं.

2024 चा पाऊस चांगला झाला आणि दोन भाग पुन्हा बंद झाले. आज तिथे उभं राहून जंगल म्हणाल असं काही नाही. पुरुषभर हिवर, डोक्याच्या वर गेलेल्या बोरी, मध्ये गवत. उपग्रहाच्या चित्रात, ज्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा, हे दहा टक्के छत्राच्या मापात अजून बसत नाही, आणि बसावंच असं मला वाटत नाही. हा गवताचा माळ आहे. उन्हाळ्यात विकतचा चारा कमी लागला, असं गावातली जनावरवाली घरं सांगतात. वस्तीवरची घरं सांगतात की दहा दिवस कमी पडतात. दोन्ही खरं असावं.

कंपनीचे अधिकारी मधल्या काळात बदलले. नवे आले तेव्हा पहिला प्रश्न "झाडं कुठे आहेत?" हाच होता. त्यांना बोरीचं ते खोड दाखवलं, आता त्यावर चार जाड फुटवे आहेत. त्यांनी फोटो काढला, पण मुदतीनंतर निधी पुढे मिळणार नाही असंही सांगून गेले.

## वेगळं काय करता आलं असतं

दुष्काळाचं कलम पहिल्याच ठरावात हवं होतं. माणमध्ये दुष्काळ येणार का हा प्रश्नच नसतो, कधी हा असतो. कोणता भाग आधी खुला करायचा, शेळ्या किती दिवस, कोणती खोडं काट्याने वेढून ठेवायची, हे चांगल्या वर्षात शांतपणे ठरतं. टंचाईच्या सभेत फक्त आवाज चढतात.

लिलावाचा प्रश्न आधी दिसण्यासारखा होता. बैठकांत "गावाला गवत मिळेल" असं सगळेच म्हणत होते, पण गाव म्हणजे कोण, हे कुणी फोडून विचारलं नाही. गवताचा हिशेब घरागणिक मांडला असता तर ज्याचं जातं आणि ज्याला मिळतं ती घरं वेगळी आहेत हे एका कागदावर दिसलं असतं. चीन किंवा कोस्टा रिकाच्या योजनांत मोबदला थेट जमीन सोडणाऱ्याच्या हातात गेला. इथे पहिल्या वर्षी तो तिसऱ्याच्या हातात गेला.

बायांशी बोलणं उशिरा झालं. कोरियाचं उदाहरण आम्हीच सांगत होतो, आणि गावात सरपण कोण आणतं, किती घरांत सिलिंडर भरून येतो, ही चौकशी दुसऱ्या वर्षी झाली. कोवळे फुटवे मोळीत जात होते. कोणतं खोड राखलेलं आहे हे चुन्याच्या ठिपक्यावरून बायांना आधीच सांगितलं असतं तर ते टळलं असतं, सांगितल्यावर टळलंच.

मोजणीही अर्धवट राहिली. ठरावीक जागेवरून, ठरावीक महिन्यात फोटो काढायला दगड रोवायचे होते. एकच रोवला गेला आणि तो जळालेल्या भागात निघाला. गवताच्या जातींची नोंद पहिल्या वर्षी कुणी केली नाही, त्यामुळे पवन्या वाढला की नाही हे आज आबांच्या शब्दावर मानावं लागतं. गिरिपुष्पाच्या जुन्या ओळींचं काय करायचं, यावर अजून एकमत नाही. गुरुजी म्हणतात काढा, त्यांच्याखाली गवत येत नाही. उपसरपंच म्हणतात तेवढंच एक हिरवं दिसतं, राहू द्या.

आता दोन गोष्टी समोर आहेत. राखणदाराचा पगार निधी संपल्यावर गवताच्या पैशांतून निम्माच भागतो. उरलेला ग्रामनिधीतून द्यायचा प्रस्ताव आहे आणि त्याला विरोधही आहे. दुसरी गोष्ट सौरऊर्जेची. शेतीपंपांना सौरवीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गावोगावच्या शासकीय आणि गायरान जमिनी पाहिल्या जात आहेत, आणि इथल्या खालच्या सपाट पट्टीबद्दलही विचारणा झाली आहे. कागदावर ती पडीक दिसते. ती वापरात असल्याचा लेखी पुरावा म्हणजे राखणदाराची वही: कोणत्या दिवशी किती भारे गेले, कुणाची मेंढरं कधी आत आली, कुठे पौळ ढासळली. वाकडंतिकडं अक्षर, पण तारखा सलग. विषय अजून ग्रामसभेपुढे यायचा आहे, आणि ठरावाला जोडायला गुरुजींनी त्या वहीच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.